उतारावर नोलीन

तळहातावर घेतलं तरी बूच थोडा वेळ थंडच राहिलं — पितळेचं, अंगठ्याएवढं, आट्यांमध्ये गेल्या उन्हाळ्यातली बारीक वाळू अजून अडकलेली — नोलीनने ती नखाने काढली, फुंकर मारली आणि बूच फ्रॉकच्या खिशात टाकलं. वर्षभर ते स्वयंपाकघराच्या खिडकीत, साबणाच्या डबीशेजारी पडून असायचं. नावेला मागच्या बाजूने, अगदी तळाशी, पाणी काढून टाकायला एक भोक असतं. घरी आल्यावर बूच काढून नाव धुवायची, आणि पुढच्या खेपेला, धक्क्यावर पोचल्यावर, पाण्यात सोडायच्या आधी ते पुन्हा घट्ट पिळून बसवायचं... हे काम नोलीनचं. नेव्हिलने ट्रेलर उतारावरून उलटा पाण्यात न्यायचा. नोलीनने बूच बसवायचं आणि मग कडेला उभं राहून हात हलवायचे. ही वाटणी लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात झाली होती, आणि कोणी केली ते दोघांनाही आठवत नव्हतं.

पण यंदा नेव्हिलचा उजवा हात खांद्याच्या ऑपरेशननंतर गळ्यात अडकवलेला होता, आणि स्टेशन वॅगनच्या स्टिअरिंगच्या चाकामागे नोलीन बसणार होती. सकाळपासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. हॅमची सँडविचेस बांधताना ती चक्क गुणगुणत होती. नेव्हिल ट्रेलरची कडी गाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर नीट बसली आहे की नाही ते डाव्या हाताने हलवून हलवून बघत होता.

"तू फक्त तिथपर्यंत चालव," तो म्हणाला. "उतारावर क्लिफ आहे. तो घेईल रिव्हर्स. मी सांगून ठेवलंय त्याला."

"बरं," नोलीन म्हणाली.

इतकं गुळगुळीत खोटं आपल्याला बोलता येतं, याचा तिलाच अचंबा वाटला.

गाव मागे पडलं, मेंढ्यांची कुरणं सुरू झाली, आणि तिला ती ओढ जाणवली — चढ लागला की मागून कोणीतरी पदर धरल्यासारखी, आणि उतार लागला की तेच कोणीतरी पाठीत हलकेच ढकलतंय अशी. आरशात नावेचं पांढरं नाक सारखं डुलत होतं. पूर्वी शेजारच्या सीटवर बसून तिला मागे ट्रेलर आहे हे कळायचंसुद्धा नाही. ती चहा ओतून द्यायची, मुलांची भांडणं सोडवायची, मुलं मोठी झाल्यावर नुसती बाहेर बघायची... आता मात्र प्रत्येक वळण तिच्या मनगटातून जात होतं. वळण मोठं घ्यायचं, ब्रेक आधीच लावायचा, मागच्याला सांभाळून पुढे जायचं. हे नेव्हिलने तिला कधीच सांगितलं नव्हतं. हे तिला जनावरांच्या बाजाराने शिकवलं.

नेव्हिल हॉस्पिटलात होता तेव्हाची गोष्ट. रविवारी बाजाराचं आवार ओस असतं. ट्रेलर जोडून ती तिथे गेली, दोन बादल्या मांडल्या आणि त्यांच्यामधून उलटं जायला लागली. ट्रेलरला डावीकडे न्यायचं तर चाक उजवीकडे फिरवायचं — एवढंच तर आहे! पण हात ऐकतील तर शपथ. ट्रेलर गाडीच्या कुशीत दुमडायचा, बादली चेपायची, आणि आवारात राहून गेलेल्या दोन मेंढ्या अशा बघायच्या की जणू त्यांना तिकीट काढून बसवलंय. ती रडली. चाकावर डोकं ठेवून चांगली हुंदके देऊन रडली, नेव्हिलसाठी आलेलं रडूही त्यातच काढून घेतलं. आणि मग कधीतरी, दमल्यामुळे असेल, तिचा हात चाकाच्या वरून घसरून खाली आला, सहा वाजताच्या काट्यासारखा... आणि ध्यानात आलं — हात खाली धरला की जिकडे हात नेशील तिकडेच ट्रेलर जातो! उलटसुलट काही राहतच नाही. बादल्यांमधून ट्रेलर सरळ गेला. ती ओरडली. मेंढ्या पळाल्या.

हे मी कोणाला सांगितलं नाही. का नाही सांगितलं? नेव्हिल हसला असता म्हणून नव्हे... तो "अरे वा" म्हणाला असता म्हणून. त्याचं ते "अरे वा" मला ठाऊक आहे. केक चांगला झाला तरी तेच.

"पूल आहे," नेव्हिल म्हणाला.

"दिसतोय."

"एकच गाडी जाते."

"नेव्हिल, हा पूल आपल्या लग्नापासून इथेच आहे."

तो हसला, पण पाय मात्र नसलेल्या ब्रेकवर दाबून. बिचारा. तिला त्याची दया आली, आणि लगेच दुसरी आठवण दयेच्या अंगावरून पुढे घुसली — मुलं लहान असतानाचा तो एक दिवस, तिने हौसेने म्हटलं होतं, आज मी घेते रिव्हर्स, आणि ट्रेलर उतारावर आडवा झाला होता, मागे गाड्यांची रांग... नेव्हिल रागावला नव्हता. दार उघडून किती मऊपणे म्हणाला होता, "उतर, राणी." रांगेतले लोकही मायेनेच हसले होते. ती उतरली होती, बूच बसवलं होतं, हात हलवले होते. रागावला असता तर ती कधीच विसरून गेली असती.

धक्क्यावर नेहमीसारखीच जत्रा भरली होती. नाताळची सुट्टी, इकडचा भर उन्हाळा, म्हणजे निम्मं गाव इथे, पोहुतुकावाच्या झाडांच्या लाल फुलांखाली घडीच्या खुर्च्या टाकून, थर्मास उघडून, कोण कसा ट्रेलर पाण्यात नेतो ते बघायला बसलेलं. मासे मिळोत न मिळोत, ही करमणूक फुकट. क्लिफ पुढे आला — शेजारचा, भला माणूस, उघड्या पायांनी — आणि त्याने खिडकीपाशी हात पसरला.

"किल्ली दे, नोलीन. दोन मिनिटांत टाकतो नाव."

तिने चाक सोडलं नाही. आता.

"नको," ती म्हणाली. "मी घेते."

"नोलीन," नेव्हिल हळू आवाजात म्हणाला, "हट्ट करू नकोस. सगळे बघतायत."

"मग बघू देत की. त्यासाठीच आलेत ते. तू उतर, आणि कडेला उभा राहून हात हलव."

तिच्या आवाजात असं काहीतरी होतं की तो उतरलाच. क्लिफने नावेचे पट्टे सोडले, दोर हातात धरला. खुर्च्यांवरून कोणीतरी म्हणालं, "या, या, आता मजा बघा!" नोलीनने गाडी पुढे नेली, सरळ केली, आरशात उतार घेतला... ओहोटी होती, खालचा भाग शेवाळाने काळा. हात चाकाच्या तळाशी. नेव्हिल कडेला उभा राहून डावा हात नको तितका हलवत होता — वीस वेळा डावीकडे, वीस वेळा उजवीकडे — देवा, मी इतकी वर्षं अशी दिसत होते? — तिने त्याच्याकडे बघणंच सोडलं. ट्रेलर जरासा डावीकडे झुकला. हात जरा उजवीकडे, एवढासाच, आणि ट्रेलर शहाण्यासारखा परत आला. खुर्च्या गप्प झाल्या. चाकं पाण्यात शिरल्याचा आवाज तिने ऐकला, नाव उचलली गेली, क्लिफने ढकलली, आणि ट्रेलर एकदम हलका झाला. हलका! तिला ते मणक्यात कळलं.

कोणीतरी शिट्टी मारली. टाळ्यासुद्धा. रिकामा ट्रेलर ओढत ती वर आली, हसू आवरेना, डोळे भरून आलेले, आणि रुमालासाठी तिने खिशात हात घातला.

बूच गरम झालं होतं.

तिने गाडी थांबवली. उतारावर, मधोमध. आरशात सगळं स्पष्ट दिसत होतं — क्लिफ गुडघाभर पाण्यात, दोर ताणून धरलेला. नावेचं नाक वर, मागची बाजू खाली, आणखी खाली. आणि नेव्हिल वाकून नावेत बघतोय, त्याला कळत नाहीय, कसं कळणार, बूच त्याचं काम कधीच नव्हतं... खुर्च्यांवरचा एक म्हातारा उठून ओरडला, "अरे, बूच! बूच कुठंय?" नेव्हिल ताठ झाला. त्याने क्लिफकडे बघितलं नाही. क्लिफ हाताच्या अंतरावर होता, तरी नाही. तो उताराच्या वर, तिच्याकडे वळला, आणि चांगला हात होईल तेवढा वर करून, सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं ओरडला,

"नोलीन! रिव्हर्स! ट्रेलर खाली आण, लवकर — तूच आण!"

लाज वाटायला हवी होती. तिने ती आत सगळीकडे शोधली, ओळखीच्या सगळ्या जागी हात घालून पाहिलं... तिथे नव्हतीच. बूच डाव्या मुठीत घट्ट धरून तिने उजवा हात चाकाच्या तळाशी नेला. खुर्च्यांवरचे सगळे आता उभे होते. उतार मागे पसरला होता, काळा, निसरडा, माझा. नाव बुडत होती, नेव्हिल हाका मारत होता, आणि मला वाटत होतं की हे इतक्यात संपू नये.