पान्याखालचं दिसन असं मशीन

"भाऊ, पान्याखालचं दिसन असं मशीन हाय का तुमच्याकडं?"

अमरावतीत इतवारा बाजाराच्या मागच्या गल्लीत बद्रुद्दीनभाईंचं दुकान होतं. रेडिओ, मिक्सर, मोटारपंपाचे स्टार्टर, काय बिघडेल ते तिथं दुरुस्त व्हायचं. तीस वर्षांत लोकांनी त्यांच्यापुढं नाना वस्तू आणून टाकल्या होत्या, पण असं कुणी काही मागितलं नव्हतं. दारात पन्नाशीची, काटक बाई उभी होती. उन्हानं रापलेले हात, जाळ्याच्या दोरीनं बोटांवर पडलेल्या खाचा.

"विहिरीत काही पडलं का, बाई?"

"नाई जी. मासोया पाहाच्या हायेत. अन् घरी वापस याची वाटबी."

मागच्या टेबलावर मोबाइल उघडून बसलेली बद्रुद्दीनभाईंची मुलगी शाहीन उठून पुढं आली. तिनं स्टूल दिलं, पाणी दिलं. "बसा मावशी. सांगा बरं नीट."

बाईचं नाव शकुन. नवरा नत्थुजी. मोर्शीकडच्या धरणात मासे धरणारं भोयाचं घर. धरण भरलं तेव्हा नत्थुजीचं खारतळ हे गाव पाण्याखाली गेलं, पण त्याच्या डोक्यातून ते गेलं नाही. डोंगा वल्हवताना तो सांगायचा, इथं पांदण होती, इथं बोरीचं बन, इथं पाटलाचा संत्र्याचा मळा, त्याची खुटं अजून खाली उभी हायेत, जाळं टाकू नको. कुठं टाकायचं तेही तोच सांगायचा. शकुन मागं बसून वल्हं मारायची. तिनं कधी ध्यानात ठेवलं नाही, ठेवायची गरजच पडली नव्हती.

गेल्या दसऱ्याला नत्थुजीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. एकच शब्द उरला, 'हाव', म्हणजे हो. भूक लागली तरी हाव, नको असलं तरी हाव, राग आला तरी हाव. शकुन एकटी डोंगा घेऊन जाऊ लागली.

त्या सालांत शेतीचं काही खरं नव्हतं. सोयाबीन हातचं जायचं, संत्र्याची झाडं वाळायची, म्हणून ज्यांनी कधी वल्हं धरलं नव्हतं तेही धरणावर येऊ लागले होते. काठाजवळचं पाणी गजबजलं. शकुनला लांब जावं लागायचं, आणि लांबच्या पाण्याखाली काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं. हिवाळ्यात तिची तीन जाळी फाटली.

मग ती धुक्याची सकाळ आली. शकुन धरणाच्या मधोमध होती आणि बघता बघता काठ नाहीसे झाले. वर पांढरं, खाली पांढरं, मधे काळा डोंगा कापसात ठेवल्यासारखा. कोंबडा आरवला तो चारी बाजूंनी आरवला. एसटीचा हॉर्न पाण्यातूनच आला. तिनं वल्हं मारणं सोडलं. भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. उलट खाली कुणीतरी अंगण झाडत असल्यासारखा खराट्याचा आवाज येतोय असं वाटत राहिलं, आणि ती कान देऊन तशीच बसून राहिली. ऊन वर आलं तेव्हा दुपार होत आली होती आणि डोंगा तिच्या गावापासून पार दुसऱ्या टोकाला लागला होता.

"मले बरं वाटलं तिथं," ती शाहीनला म्हणाली. "म्हणूनच भेव वाटलं. एखाद्या दिवशी मी येनारच नाई वापस."

शाहीननं वही घेतली. "पानी किती खोल हाय?"

"लई झालं तं चाळीस हात. आमी जातो तिथं पंधरा."

पुढचे आठ दिवस शाहीननं त्या मशीनचाच अभ्यास केला. फिश फाइंडर म्हणतात त्याला, हे तिला पहिल्यांदाच कळलं. एक डोळा पाण्यात बुडवून ठेवायचा, तो खाली आवाज सोडतो, आवाज तळाला आपटून परत येतो आणि पडद्यावर तळाची रेघ उमटते. शकुन दुसऱ्यांदा आली तेव्हा शाहीननं मोबाइलवर तिला फोटो दाखवले.

"हे पाहा, रंगीत. मोठा पडदा, आत नकाशा. पण नकाशा समुद्राचा हाय. आपल्या धरणाचा नकाशा यात नाई. त्याचे पैसे काहून भरायचे? अन् बॅटरी खूप खाते."

"अन् हे चेंडूसारखं?"

"हे पान्यात फेकायचं, मोबाइलवर दिसते. स्वस्त हाय. पण जागा ध्यानात ठेवत नाई, अन् लाटेनं दूर गेलं का चित्रच येत नाई. धुक्यात तुमाले घरी कोन आनन?"

बद्रुद्दीनभाई चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "बेटा, उन्हात दिसलं पायजे. रंगीत पडदा भर दुपारी आरसा होते. काळापांढरा बरा."

शेवटी तसंच ठरलं. काळापांढरा पडदा, हाताच्या पंजाएवढा. आत जीपीएस. नकाशा नाही, पण जिथं बटण दाबलं ती जागा तो धरून ठेवणार आणि परत तिथं नेणार, घरच्या काठालाही. मुंबईच्या एका दुकानदाराकडे समुद्रातल्या नावेवरून उतरवलेलं जुनं मशीन मिळालं, नव्याच्या निम्म्या किमतीत. शकुनला ते झेपण्यासारखं होतं. बॅटरीसाठी बद्रुद्दीनभाईंनी मोटारसायकलची जुनी बॅटरी भरून दिली आणि ती लोणच्याच्या प्लास्टिकच्या बरणीत बसवली, पाणी लागू नये म्हणून.

मशीन घेऊन शाहीन स्वतः गेली. मोर्शीच्या पहिल्या एसटीनं, मग ऑटोनं. डोळा लावायला शकुननं सागाची फळी तयार ठेवली होती. ती डोंग्याच्या बाजूला शिकंज्यानं आवळली, म्हणजे उथळात उचलून घेता येईल. नत्थुजी काठावर खुर्चीत बसून सगळं पाहत होता. डोंगा सुटायला लागला तसा त्यानं डाव्या हातानं खुर्चीचा हात आपटला.

"हाव! हाव!"

"तुमी कुठं येता? बसा ना निवांत."

"हाव!"

मग दोघींनी त्याला धरून डोंग्यात बसवलं, पाठीशी गोधडी लावली. पाणी नितळ होतं. वाऱ्याचं नाव नव्हतं. शकुन वल्हवू लागली आणि शाहीननं मशीन सुरू केलं. पडद्यावर एक काळी रेघ हळूहळू सरकू लागली, चढणारी, उतरणारी. बारा फूट. पंधरा. एकोणीस. मधूनच भुवईसारखी कमान उमटायची आणि मशीन बारीक आवाजात टिवटिवायचं.

"हा मासा," शाहीन म्हणाली.

नत्थुजीनं मान पुढं काढली. पडद्याकडे नाही, आधी पाण्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. मग परत पाण्याकडे. रेघेवर छोटे छोटे उभे ठिपके यायला लागले. एक, मग मोकळी जागा, मग एक, मग तेवढीच मोकळी जागा.

शकुनचं वल्हं थांबलं. "मळा," ती हळूच म्हणाली. "संत्र्याच्या रांगा हायेत ह्या."

डोंगा आपसूक पुढं सरकत राहिला आणि खालून एकेक झाड जात राहिलं. शाहीनला वाटलं, आपण पाण्यावर नाही, झाडांच्या वरून कुठंतरी उडत चाललोय. नत्थुजीनं डावा हात उचलून डावीकडं केला.

"तिकडं तं सपाट दिसते, काका."

"हाव." हात खाली आला नाही.

शकुननं डोंगा वळवला. सपाट रेघ, सपाट रेघ, बावीस फूट. आणि एकाएकी रेघ खाली कोसळली. तीस. एक्केचाळीस. अठ्ठेचाळीस. क्षणभरानं परत बावीस. त्या खड्ड्याच्या तोंडाशी कमानींची दाटी होती, मशीन टिवटिव करून थकलं.

"हीर," शकुन म्हणाली. "मळ्याची हीर. इथूनच धरायचे हे मोठाले कतले. मले वाटे नशीब हाय." ती नवऱ्याकडे वळली. "मले कधी सांगतलं नाई तुमी हे!"

"हाव," नत्थुजी म्हणाला. आणि हसला. डावीकडूनच हसला, पण डोळ्यांपर्यंत हसला.

शाहीननं बटण दाबलं. मशीननं त्या जागेला आकडा दिला. शकुनला इंग्रजी आकडे उमजत नव्हते, म्हणून शाहीननं चित्रांची यादी काढली. नांगर, मासा, झेंडा, झाड, घर. शकुननं विहिरीला मासा दिला, मळ्याच्या चारी कोपऱ्यांना झाड, बोरीच्या बनालाही झाड. मग नत्थुजी हात दाखवेल तिकडं डोंगा जात राहिला. एका जागी त्यानं हात दाखवला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. पडद्यावर काहीच नव्हतं, फक्त मऊ गाळाची जाड रेघ.

"इथं काय होतं?" शाहीननं विचारलं.

शकुननं पाण्यात हात घातला. "ह्याईचं अंगन असन. घर टाक त्याच्यावर."

दुपारपर्यंत पडद्यावर एकोणीस चित्रं झाली होती. शाहीन संध्याकाळच्या एसटीनं परत गेली ती अंगाला माशांचा वास आणि पिशवीत एक मोठा रोहू घेऊन.

मशीन काही सर्वज्ञ नव्हतं. शेवाळालाही ते मासा म्हणायचं, आणि दोनदा शकुननं त्याच्या भरवशावर गवत ओढून काढलं. पण उरलेल्या हिवाळ्यात तिचं जाळं पुन्हा खुटांत अडकलं नाही. धुकं पडलं की ती घराच्या काठाला दिलेला झेंडा दाबायची आणि पडद्यावरच्या बाणामागं वल्हवत यायची. शेतं सोडून आलेल्या दोघाचौघांना तिनं झाडांच्या जागा सांगून टाकल्या, त्यांचीही जाळी वाचावीत म्हणून. विहीर मात्र सांगितली नाही.

नत्थुजी आता रोज डोंग्यात असतो. काही दिवस तो हात दाखवतो, काही दिवस नुसता पाहत बसतो. ऊन कोवळं असलं की गोधडीवर मान टाकून झोपी जातो. माघातल्या एका सकाळी तो असाच झोपला असताना डोंगा मळ्यावर आला आणि मशीन टिवटिवू लागलं. शकुननं शाहीननं शिकवलेलं बटण शोधून आवाज बंद केला. पडद्यावर कमानी येत गेल्या, जात गेल्या. तिनं जाळं उचललं नाही. वल्हं आडवं ठेवून ती थोडा वेळ नुसती बसली, आणि डोंगा आपल्या मनानं संत्र्याच्या रांगांवरून जात राहिला.