देवपक्ष्याला गरम पाणी चालत नाही

महागुरू पांगच्या अंगणात त्या दिवशी माणसांपेक्षा कोंबड्या जास्त होत्या. वाटीभर तीर्थाला एक कोंबडी, असा देवपक्ष्याचा दर होता.

देवपक्षी म्हणजे टेबलावरची हातभर फरशी. तीत पक्ष्याचा सांगाडा आणि मागे मोरासारखी लांब शेपटी. आमच्या बेइपियाओ गावाकडच्या डोंगरात कुदळ मारली की दगडातून पक्षी निघतात, त्याचं कुणाला अप्रूप नाही. पण तालुक्याच्या संग्रहालयात असले दगड साफ करण्यात अठरा वर्षं घालवूनही असली शेपटी मी पाहिली नव्हती.

"बारा कोटी वर्षं झोपला होता!" पांग गरजला. "स्वप्नात येऊन म्हणाला, पांग, ऊठ, मला उठव! याच्या अंगावरचं पाणी प्या, फुप्फुसं नवी होतील. पण गोळ्या बंद! गोळ्यांच्या वासाने तो रुसतो."

बारा कोटी वर्षांत त्या पक्ष्याला पांगशिवाय दुसरं कुणी भेटलं नव्हतं.

"गुरुजी, जरा जीभ लावून बघू?" मी विचारलं. खरं दगडी हाड जिभेला चिकटतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"देवाला चाटतेस, भवाने?"

लोकांनी मला मागे ढकललं. लुआन मावशीही ओरडली, "तुझं डोकं दगडांतच राहिलं!"

मी आले होते तिच्याच नवऱ्यासाठी. क्षयाच्या गोळ्यांनी मिआओ काकांचा खोकला थांबत आला होता. पांगचं ऐकून दीड महिन्यापूर्वी त्यांनी गोळ्या सोडल्या, मावशी तीर्थ घरी आणून कोमट करून पाजत होती आणि कालपासून थुंकीत पुन्हा रक्त दिसत होतं. मावशीच्या एका काखेत अंडी देणारी कोंबडी होती, दुसऱ्या काखेत थर्मास.

काकांचा नंबर आला. पांगने विहिरीच्या पाण्याचा तांब्या उचलला.

"थंड?" मावशी थबकली. "एवढ्या हिवाळ्यात? आजारी माणसाला?"

"देवपक्ष्याला थंडच लागतं!"

"त्याला लागत असेल. ह्यांच्या पोटाला सोसायचं नाही."

गर्दीने माना डोलावल्या. दगडातला पक्षी रोग बरा करतो, हे सगळ्यांना पटलं होतं. आजाऱ्याला थंड पाणी द्यावं, हे मात्र कुणालाच पटेना! पांग "नको, नको!" करेपर्यंत मावशीने अख्खा थर्मास फरशीवर उपडा केला. मागच्या दोघींनीही आपापले थर्मास पुढे केले.

आधी शेपटीवर रंगवलेल्या पिसांची शाई ओघळली. मग शेपटी हलली, सरकली आणि वाटीत पडली.

"पिसं झडताहेत! शुभशकुन!" पांग ओरडला.

"मेल्या, माकडहाडासकट झडतात होय?" मावशी म्हणाली.

मी शेपटी उचलून हुंगली. खुरांचा सरस, सुतारांकडे मिळतो तो. त्यात दगडाचा भुगा कालवून माशांचे मणके बसवले होते. सरस गरम पाण्यात विरघळतो, म्हणून देवाला थंड पाण्याची आवड. मग मी पक्ष्याच्या हाडाला जीभ लावली. चिकटली. म्हणजे पक्षी खरा होता. भिंगातून पाहिलं, तर जबड्यावर कानशीचे ओरखडे.

"याचे दात कुठे गेले?"

"देवपक्ष्याला दात शोभत नाहीत," पांग पुटपुटला. "घासले."

मला रडूच आलं. तोंडात दात, पंखांना नख्या, असा तो जीव होता. पिसं असलेले छोटे डायनासोर आणि मावशीच्या काखेतली कोंबडी यांचं नातं त्या दातांत दिसलं असतं. खोटा चमत्कार शोभावा म्हणून ह्या माणसाने खरा घासून टाकला होता.

"मग मी दीड महिना प्यायलो काय?" काकांनी विचारलं.

"सरस आणि शाई."

त्याच दुपारी आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, औषध पहिल्यापासून सुरू करावं लागेल. पुन्हा सगळे महिने. काका गोळी हातात घेऊन बसून राहिले. मावशीने पेल्यात गरम पाणी ओतलं.

लोकहो, चमत्कार बघायला जरूर जा. कोंबडी घरी ठेवा, थर्मास बरोबर न्या. आणि जो तुमचं औषध बंद करायला सांगेल, त्याच्या देवावर आधी गरम पाणी ओता.