दोघांच्या हातचं झाकण

अर्ध्या आठवड्याच्या बाईला अख्खी कल्पना सुचेल का, या काळजीनं जिची झोप उडाली होती, तिच्याच पर्समधून मी बोलतोय. मी एक झाकण, औषधाच्या बाटलीचं. लहान मुलांना उघडता येऊ नये, म्हाताऱ्यांना मात्र सहज यावं, एवढ्यासाठी माझा जन्म.

मला घडवणारे दोघे. नोकरी एक, माणसं दोन. सोमवार ते बुधवार ताई. तिच्या घरी चार वर्षांची लेक. गुरुवार ते शनिवार दादा. त्याच्या घरी थकलेली आई. कंपनीत त्यांना 'पूर्वार्ध' आणि 'उत्तरार्ध' म्हणत. साहेब तर तोंडावर म्हणाले, "एका खुर्चीत दोघं, आणि झाकण एकही धड नाही! महिनाअखेर जमलं नाही, तर पूर्णवेळ एकच माणूस ठेवू."

पूर्णवेळ ताईला जमणार नव्हतं. म्हणजे खुर्ची गेलीच.

माझ्या अकरा भावंडांची वाट लागली. काही लेकीनं चुटकीसरशी उघडली, काही दादाच्या आईला, म्हणजे आमच्या आजींना, काही केल्या उघडेनात. दोघांची गाठ क्वचितच पडायची, म्हणून आपली पाळी संपली की जो तो टेबलावर चिठ्ठी ठेवून जाई. काय फसलं ते पोटात ठेवायची सोयच नव्हती.

एका सोमवारी दादाची चिठ्ठी होती : "ताई, आईची बोटं वळत नाहीत. पण दार ती तळहातानं छान ढकलते."

ताईनं ती तीनदा वाचली. घरी जाऊन लेकीचा तळहात एका वाटीवर ठेवून पाहिला. निम्मी वाटीही झाकेना! त्यातून मी जन्मलो : रुंद, चपटा, अख्ख्या तळहातानं दाबल्याशिवाय न फिरणारा.

आजींनी मला सहज उघडलं. "एवढंच होय?" म्हणाल्या. लेकीनं दात लावले, माझ्यावर बसूनही पाहिलं, मी ढिम्म. साहेब मला उघडून-मिटून म्हणाले, "बरं, बसा दोघं."

आता मी मजेत आहे. एकच मागणं : अर्धा आठवडा येणाऱ्याला अर्धं माणूस समजू नका. उरलेला अर्धा तो काय बघून येतो, तेही विचारा.

आज जेवताना लेकीच्या ताटात दोन घास उरले. ताई म्हणाली, "संपव बघू."

लेकीनं ताट सरकवलं. "राहिलेलं गुरुवारच्या काकांना ठेव."