पगार आधी सांगा

मुलुंडला सुनंदामावशीचं ऑफिस म्हणजे तिच्या घराची बाहेरची खोली. तिथे बसून ती अमेरिकेतल्या एका कंपनीसाठी नोकरीच्या जाहिराती लिहायची. दहावीची परीक्षा संपवून भाची श्रुतिका मदतीला आली, त्याच दिवशी एक जाहिरात परत आली. त्या कंपनीच्या राज्यात जाहिरातीत पगार सांगायचा कायदा होता. पुन्हा चुकलं तर काम मावशीच्या हातून जाणार होतं.

"पगार असा चारचौघांत कोण सांगतं गं?" असं पुटपुटत मावशीने 'पगार अनुभवानुसार' खोडलं आणि 'तीस हजार ते दोन लाख डॉलर' लिहिलं. "घे, सगळे बसले यात!"

"मावशी, वाट लावशील! यात शिपाई पण बसेल आणि मालक पण. खरंच जेवढा देणार, तेवढाच लिहायचा ना!"

"तो मला कुठे माहीत आहे?"

"विचारलंस?"

"असं तोंडावर कसं विचारायचं?"

"मी विचारते," म्हणत श्रुतिकाने सरळ कंपनीला मेल टाकला. चहा संपायच्या आत उत्तर आलं, 'साठ ते सत्तर हजार.' तेवढं लिहिलं आणि जाहिरात एका फटक्यात पास झाली.

मावशी खूश. "उद्यापासून रोज यायचं हं!"

"येईन की. पगार किती?"

मावशी 'ते नंतर बघू' म्हणणार होती, पण भाचीच्या वर गेलेल्या भुवया बघून तिला हसूच फुटलं.

"महिना तीन हजार. वडापाव वेगळा."

"झकास! आता हे मला मेल कर."