टणक्याला पहिला नंबर

मी एक जुना, डबड्यासारखा टीव्ही आहे, मित्रांनो. दादासोंच्या लग्नात मला रुखवतात मांडलं होतं. पुढे घरात भिंतीवरचा सपाट टीव्ही आला आणि माझी रवानगी पणदरे गावातल्या त्यांच्या दूध डेअरीत झाली, वजनकाट्याच्या वरच्या फळीवर. दूध घालायला रांग लागायची आणि रांगेतली पोरं माझ्याकडे टक लावून बघायची. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला भारी तोरा होता.

गेल्या वर्षी संध्याकाळच्या दुधाच्या वेळेला टणक्या नावाच्या नाकतोड्याची कार्टून मालिका लागू लागली. मोबाइलवरच्या एका गेमवरून ती काढलेली. गेम खेळणारी पोरं नाकं मुरडायची. ऋषिराज म्हणायचा, गेममध्ये टणक्याचे पाय लाल असतात, यांनी हिरवे केलेत. गेमसारख्या टणक्याच्या उड्या इथं आपल्या बोटांनी मारता येत नाहीत, याचाच युवराजला राग. पण बघायची सगळीच.

रोज दूध घालायला येणाऱ्या सारजाबाईची छकुली मात्र टणक्यावर जीव टाकायची. नऊ वर्षांची पोर. एका पायाला पट्ट्यांचा बूट, म्हणून तिला कुणी खेळायला घ्यायचं नाही. गेममध्ये टणक्याचा पाय मोडला की तो बाद. मालिकेत मात्र पाय मोडून तो विहिरीच्या काठावर बसला, तेव्हा त्याची टोळी म्हणाली, तू उठेपर्यंत आम्ही इथंच थांबतो. छकुली हसत हसत रडली. तो भाग तिथंच संपला, पुढचे अजून तयार व्हायचे होते.

मालिका बनवणाऱ्या कंपनीत आमच्याच गावची उत्कर्षा कामाला होती. पुढचे भाग करायचे का, हे मुलांना विचारून ठरवू, असं साहेब म्हणाले. हिने छातीठोकपणे सांगितलं, माझ्या गावच्या पोरांना विचारा. तीस कागद दादासोंच्या हातात देऊन ती बारामतीची एसटी पकडायला पळाली. कागदावर एवढंच होतं, की मालिकेला एक ते पाचमधला आकडा द्या.

छकुलीने ते काम अंगावर घेतलं. शाळेत पहिला नंबर सगळ्यात मोठा, एवढं तिला पक्कं ठाऊक. लंगडत ती रांगेतल्या प्रत्येकाजवळ गेली.

"एक लिवा. टणक्याला पयला नंबर द्यायचाय."

ऋषिराज चारवर अडून बसला होता. तिने त्याची जड किटली काट्यापर्यंत वाहिली, तेव्हा कुठं त्याने एक लिहिला. दादासोंनी कागद न बघताच पाकिटात घालून उत्कर्षाला धाडले. मी वरून सगळं बघत होतो. शाळेची पायरी मी कधी चढलो नाही, मलाही ते बरोबरच वाटलं.

महिन्याने उत्कर्षा आली ती तोंड पाडूनच. मालिका बंद झाली होती, टणक्याची चित्रं काढणारी माणसं दुसऱ्या कामाला लागली होती.

"तीसच्या तीस कागदांवर एक," ती दादासोंना म्हणाली. "एवढी वाईट वाटली व्हय पोरांना, दादासो?"

रांगेतून छकुली म्हणाली, "एक म्हंजे पयला न्हाय का?"

उत्कर्षाच्या आत्ता ध्यानात आलं. पाच म्हणजे सगळ्यात चांगलं, हे लिहायचं तिच्याकडूनच राहिलं होतं.

"मग मीच बंद पाडलं?" छकुलीने विचारलं.

"न्हाय गं," उत्कर्षा म्हणाली. तिने छकुलीला जवळ ओढलं.

मित्रांनो, लेकरांकडे आकडा मागाल तेव्हा त्यातला मोठा कुठला, तेवढं आधी सांगत जा. वाटल्यास माझ्यावर धूळ बसू द्या, पण हे विसरू नका.

आता दुधाच्या वेळी माझ्यावर बातम्या चालतात. छकुली आईकडे किटली देऊन बाहेरच थांबते. परवा मात्र आत आली, फ्रॉकने माझी काच पुसली आणि हळूच म्हणाली, "त्याचा पाय बरा झाला का रं?"

मित्रांनो, पुढचं माझ्यापर्यंत कधी आलंच नाही.