केहिंदेची जागा

"जुळ्यांतलं एक निघून गेलं ना, इशोला, तर उरलेल्याला एकाच फोटोत दोनदा उभं करायचं. एकदा ते स्वतः म्हणून, एकदा गेलेलं म्हणून. आणि मधली रेघ कात्रीने कापल्यासारखी दिसता कामा नये. ती सावलीने शिवायची असते."

लसिसीमामाचा हा आवाज मी फार लहानपणी ऐकला, त्याच्या स्टुडिओतल्या लाल दिव्याच्या खोलीत, औषधांच्या आंबट वासात. मामा भिंगाची अर्धी बाजू काळ्या पुठ्ठ्याने झाकायचा आणि मुलाला डावीकडे बसवायचा. मग पुठ्ठा फिरवून त्याच मुलाला उजवीकडे. त्या मुलाची आई तो फोटो भिंतीवर टांगायची आणि चवळी शिजवली की दोघांपुढे वाटी ठेवायची. "हे खोटं नाही का मामा?" मी विचारलं होतं. "खोटं कसलं? देवाने एकाचे दोन केले तेव्हा त्याला कुणी विचारलं का?"

मामा गेला, स्टुडिओही गेला. माझं दुकान माझ्या खांद्यावरच्या पिशवीत असतं. शनिवारी लग्नं, आठवड्यात कुणाचे साठीचे फोटो, कुणाचे बारशाचे. चार पैसे साठले की डोंगर, नद्या, दूरच्या वाटा. ते फोटो एखादं मासिक घेतं, एखादं घेत नाही.

आमच्या इसेयिन गावात दगड भिरकावला तर विणकराला लागतो, चुकला तर जुळ्यांना. केहिंदे आणि तायवो विणकराच्याच लेकी. तायवो आधी जन्मली म्हणून धाकटी. आमच्यात मोठं भावंड आत थांबतं आणि धाकट्याला पुढे धाडतं, जा, जग कसं आहे बघून ये. त्यामुळे मोठी केहिंदे. गाव दोघींत गोंधळायचं. शेजारणी एकीचं गाऱ्हाणं दुसरीला सांगून मोकळ्या व्हायच्या. मी कधी गोंधळलो नाही.

केहिंदे बापाने विणलेलं आशो-ओके कापड लेगोसला नेऊन विकायची. त्या कापडाचे फोटो मी काढायचो. एबेदीच्या टेकडीवर ती खडकावर कापड पसरायची, मी उन्हाची वाट बघायचो, आणि ऊन आलं तरी पुष्कळदा आमचं बोलणंच चालू असायचं. तिथेच एकदा मी तिला विचारलं, माझ्याशी लग्न करशील का. ती कापडाची घडी घालत होती. घडी मोडली, पुन्हा घातली.

"तायवोला विचारल्यावाचून मी पाणीसुद्धा पीत नाही, ठाऊक आहे ना तुला?"

"मोठी तू की ती?"

"मीच मोठी. म्हणून तर विचारायचं. तू जाऊन ये, मग सांगते."

मी मांबिलाच्या पठारावर चाललो होतो, चहाच्या मळ्यांचे फोटो काढायला. तिथे धुकं असतं, गाईंचे कळप असतात, फोन लागत नाही. परतलो तो पिशवी न ठेवताच तिच्या दारात गेलो. तिची आई, सगळ्यांची इया इबेजी, म्हणजे जुळ्यांची आई, चुलीपुढे बसली होती. कढईत काही नव्हतं.

"केहिंदे कुठे आहे, इया?"

"लेगोसला गेली."

जुळं मूल मेलं असं आम्ही म्हणत नाही. परगावी गेलं म्हणतो, लेगोसला गेलं म्हणतो. हे मला आईच्या दुधाबरोबर ठाऊक. पण केहिंदे खरोखर लेगोसला जायची, आणि मनाला जे सोसतं तेच ते ऐकतं. मी मोटारतळावर जाऊन बसलो. लेगोसची गाडी आली की उठायचो, उतरणारी माणसं बघायचो, पुन्हा बसायचो. दुपार कलली तेव्हा एक ओळखीचा ड्रायव्हर जवळ आला.

"फोटोवाल्या, कुणाची वाट बघतोस?"

"इया इबेजींच्या केहिंदेची."

त्याने डोक्यावरची टोपी काढली. टोपीच बोलली.

तिला ताप आला होता. आठवड्याच्या आत होत्याचं नव्हतं झालं.

रडायलाही नातं लागतं, हे मला तेव्हा कळलं. दुखवट्याच्या घरी चटईवरची जागा नातं बघून मिळते. आत्या इथे, मावश्या तिथे, मैत्रिणी भिंतीशी. मी कोण? मी उंबऱ्याबाहेर चपलांच्या शेजारी बसलो आणि थोड्या वेळाने उठून आलो. "इशोला किती भला," कुणी म्हणालं, "कापडाचे फोटो काढायचा तिच्या, तेवढी ओळख ठेवून आला."

तिने तायवोला विचारलं असेल का? विचारलं असेल तर उत्तर तायवोपाशी होतं, आणि तायवो मला गल्लीच्या तोंडाशी बघितलं की आत निघून जायची. मला दुसरं काही नको होतं. केहिंदे नाही म्हणाली असेल तर मी फोटोवाला. हो म्हणाली असेल तर मी विधुर. यातला मी कोण, हे न कळताच माझे दिवस चालले होते. लोकांच्या लग्नात मी हसा म्हणायचो, लोक हसायचे.

दोन वर्षांनी तायवोचा फोन आला.

"माझं लग्न ठरलंय. फोटो तू काढ."

"पुष्कळ आहेत गं गावात काढणारे. त्यांच्याकडे आभाळातून फोटो काढायचं यंत्रसुद्धा आहे."

"आभाळातून काय दिसायचंय? आईला दोघींचा फोटो हवाय. मामांच्या हाताखाली शिकलेला तूच."

मी हो म्हटलं. फोटोसाठी नव्हे. त्या घरात पाऊल टाकायला मला निमित्त हवं होतं.

लग्नाच्या दिवशी अंगणात मांडव, एका रंगाच्या कापडात नटलेलं सगळं गणगोत, ढोल आणि धूर. दोन्हीकडची बोलणी करून लग्न हसतखेळत चालवायला आलागा होती, रिस्कातमावशी, जिभेवर मिरची ठेवूनच जन्मलेली. नवरदेव अदिगुन आपल्या मित्रांसह रीतीप्रमाणे नवरीच्या माणसांपुढे मातीत पालथा पडला होता.

"आणखी खाली! मुलगी काय रस्त्यात सापडली आम्हाला? पोटाला माती लागू दे!"

"मावशी, पोट केव्हाच टेकलंय," अदिगुन खालूनच म्हणाला. "राहिलोय तो बाकीचा मीच."

"ऐका! अजून बायको मिळाली नाही आणि तोंड उघडतंय. मित्रांनो, तुम्ही तरी दाबा त्याला!"

हसून हसून म्हाताऱ्यांचे फेटे सुटायला आले. मी वाकून अदिगुनच्या चेहऱ्याजवळ कॅमेरा नेला, तर ती माझ्याकडे वळली.

"आणि तू रे फोटोवाल्या! जगाच्या लग्नात पुढे पुढे करतोस, तुझ्या लग्नात फोटो काढणार कोण? बघू का मुलगी?"

"बघा की, मावशी."

"कशी हवी? उंच, ठेंगणी, बोलकी, मुकी?"

कॅमेऱ्याचं एक बरं असतं. तो डोळ्याला लावला की अर्धा चेहरा झाकतो. उरलेल्या अर्ध्याने मी हसलो.

निघायची वेळ झाली तेव्हा तायवो आईबापांपुढे गुडघ्यांवर बसली. नवरी आमच्याकडे रडत जात नाही, रडणं गात जाते. तिचा आवाज आधी दाटला, मग मोकळा झाला.

*बाबा तुमच्या मागावर सूत दोन रंगांचं,*
*एक निघून गेलं पुढं, काय करू एकट्याचं?*

*आई तुझी पाठ एक, निजणाऱ्या दोघी गं,*
*आज एकीची पाठवणी, दुसरीला कोण सांगी गं?*

ढोलकऱ्याने तळहात ढोलाच्या कातड्यावर ठेवून दिला. मी फोटो काढत राहिलो, कारण हात रिकामे राहिले असते तर मी ते कुठे ठेवले असते?

"आता दोघींचा काढ," इया इबेजी म्हणाली. "दोघी उभ्या राहिल्याशिवाय हिला दाराबाहेर पडू द्यायची नाही."

जागा तिने आधीच झाडून ठेवली होती, मागाच्या छपरीत, मातीच्या भिंतीपाशी. लग्नाचं लुगडं तिने एकाच विणीचं, दोन जोड करून घेतलं होतं. तायवो आधी तायवो म्हणून डावीकडे उभी राहिली. मी फोटो काढला. मग आईने तिला आडोशाला नेलं, दुसरा जोड नेसवला, गळ्यात दुसऱ्या पोवळ्यांची माळ घातली आणि उजवीकडे आणून उभं केलं.

"ही केहिंदे. मोठी आहे, उजवीकडेच शोभते." तिने माळ सारखी केली. लेकीच्या गालावर हात ठेवला आणि पटकन काढला. "मला बघवणार नाही. मी बाहेर आहे."

छपरीत आम्ही दोघंच उरलो. मी कॅमेरा तिवईवर बसवला. तायवो भिंतीपाशी अवघडून उभी होती, परक्याच्या घरात उभं राहावं तशी.

"मी ती कशी होऊ?" ती म्हणाली. "चेहरा तिचाच आहे माझा. पण ती उभी कशी राहायची, ते आठवतच नाही. मी कायम तिच्या शेजारी असायचे ना. समोर कधी नसायचेच."

मी समोर होतो. एवढी वर्षं मीच समोर होतो.

"वजन डाव्या पायावर दे," मी म्हटलं. "अंहं, इतकं नको. दारात टेकून कुणाची तरी वाट बघतेयस आणि ते कुणाला कळू द्यायचं नाहीय, असं. हां. अंगठा मुठीत घे. ती घ्यायची."

"घ्यायची खरी! आई ओरडायची त्यावरून."

"हनुवटी खाली. भांडायला निघाल्यासारखी नको, भांडून झाल्यासारखी."

"आणि हसू?"

"ओठ मिटून. तिचं हसू ओठांवर नसायचं. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात यायचं, आणि तिथूनच परत जायचं."

तायवोने माझ्याकडे बघितलं, काही विचारणार असल्यासारखं. मग डोळे मिटले, श्वास घेतला आणि उघडले.

भिंगात केहिंदे उभी होती.

लुगडं नेसलेली, पोवळी ल्यालेली, नवरी झालेली केहिंदे. छपराच्या फटीतून आलेलं ऊन तिच्या खांद्यावर पडलं होतं. टेकडीवर ज्या उन्हाची वाट बघायचो तेच ते. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात हसू आलं होतं, अजून परत गेलं नव्हतं. बोटाला नुसतं दाबायचं होतं. हजारो नवऱ्या मुलींसाठी दाबलं होतं ते या बोटाने. पण दाबलं की फोटो होणार होता, आणि फोटो झाला की तायवो पाय बदलणार होती.

बाहेर कुणीतरी हाक मारली, गाड्या तयार आहेत. अदिगुनचे मित्र हॉर्न वाजवू लागले.

"काढ ना," तायवो म्हणाली.

"काढतो."

"इशोला?"

"मान हलवू नकोस."

हॉर्न थांबले. तायवो खरोखरच हलली नाही. डाव्या पायावर वजन, अंगठा मुठीत, हनुवटी खाली. फक्त डोळे भरत चालले होते.

"मी हलत नाही," ती म्हणाली, "पण तूही कॅमेरा खाली घेऊ नकोस. तुझा चेहरा दिसला तर मला बोलता येणार नाही. तू मांबिलाला निघालास त्याच संध्याकाळी तिने मला विचारलं. मी भांडले. म्हटलं, तू जा, मला काय, टाक इथे. ती म्हणाली, वेडे, तूही कुणीतरी शोध, एकाच दिवशी मांडव घालू, तोवर तो थांबेल. मी रुसले. रुसवा निघायच्या आधी ताप आला. तू आमच्या दाराशी चपलांजवळ येऊन बसलास ना, तेव्हा मी खिडकीतून बघत होते. तेव्हाच सांगायचं होतं. नाही सांगितलं. आमचं सगळं अर्धं अर्धं होतं रे, चटई अर्धी, कंगवा अर्धा, नावसुद्धा कुणी एकीचं घ्यायचं नाही. तिचं जाणं तेवढं मला अख्खं हवं होतं. तुला सांगितलं असतं तर त्यात तुझा वाटा निघाला असता."

तिने श्वास घेतला. हनुवटी तशीच होती, खाली, भांडून झाल्यासारखी.

"ती हो म्हणाली होती, इशोला."