शेळ्या घराकडे वळवायची चाल

ज्योतीराम गावच्या शेळ्या राखायचा, तेव्हा त्याचा पावा अख्ख्या कुरुळीला ऐकू यायचा. पुढे तो खडकीला कारखान्यात लागला आणि पावा आढ्याला खोचला, तो वर्षानुवर्षं तिथंच. पाव्यात मुंग्यांनी संसार थाटला, त्यांच्या कैक पिढ्या नांदल्या आणि शेवटी जागा पुरेना म्हणून त्या उठून गेल्या.

यंदा भजनी मंडळाचा पेटीवाला चाकणला लेकीकडे राहायला गेला. सुराला माणूस उरला नाही. ज्योतीरामच्या मनात हळूच आलं, आपण जावं.

मंडळाचे म्होरके सोपानराव म्हणाले, "शनिवारी देवळाम्होरं वाजव. लोक बसून ऱ्हायले तर तू मंडळात. उठले तर पावा पुन्हा आढ्याला."

सायकली दुरुस्त करणारा लालमहंमद त्याचा लहानपणचा दोस्त. त्यानं तापल्या स्पोकनं पाव्याची भोकं साफ करून दिली. ज्योतीरामनं फुंकलं. नुसती हवा गेली.

"पंक्चर हाय," लालमहंमद गंभीरपणे म्हणाला. "पाव्यात न्हाई. तुज्यात."

आठवडाभर ज्योतीराम ओढ्याकाठी बसला. फुंकर परत आली, पण चाली अर्ध्यातच सुटायच्या. पुरी आठवली ती एकच, दिवस कलताना शेळ्या घराकडे वळवायची.

शनिवारी कलत्या उन्हात त्यानं तीच धरली. पहिली ओळ थरथरली, दुसरी जागेवर बसली. पुढं बोटं आपणहून चालू लागली. डोळे मिटून वाजवताना त्याला वाटलं, एवढं सुख आपण आढ्यावर ठेवलं तरी कसं.

त्यानं डोळे उघडले. समोर उरले होते ते सोपानराव, लालमहंमद आणि देवळातला मारुती. मारुतीला उठून जाता येत नव्हतं.

झालं होतं ते असं. पूर्वी ही चाल कानावर आली की घरोघर लोक उठून गोठ्याचं दार उघडायचे. नाहीतर शेळ्या थेट स्वयंपाकघरात शिरून पीठ खायच्या. आजही पाय तसेच निघाले. पण आताच्या शेळ्यांनी ही चाल जन्मात ऐकली नव्हती, आणि त्या केव्हाच गोठ्यात होत्या. दार उघडल्यावर शेळीनं जे करायचं ते त्यांनी केलं. गावभर शेळ्या झाल्या.

ज्योतीराम पावा कमरेला खोचून उठला, तोवर यशोदाबाई शेळीला कानाला धरून, दावं मनगटाला गुंडाळून आल्या.

"सासूबाईंना जाऊन किती वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "तरी वाटलं, आता वरडत्याल, दार उघड गं. हिला तेवढंच पायजे हुतं."

एकेक जण शेळी घेऊन परत आला आणि जागेवर बसला.

"अर्ध्यात का सोडलंस?" कुणीतरी विचारलं.

"लोक उठले," सोपानराव म्हणाले.

"वळखलं म्हून उठले," लालमहंमद म्हणाला. "भिकार वाजवलं असतं तर बसूनच ऱ्हायले असते की, राव. आन तुमी का न्हाई उठला?"

सोपानरावांनी बराच विचार केला. "माज्याकडं शेळी न्हाई," ते म्हणाले. मग ज्योतीरामला, "ये मंडळात. पर दुसरी चाल वाजव."

"दुसरी अजून येत न्हाई, आण्णा."

"मग शीक. तोवर हीच वाजव."

यशोदाबाईंनी दाव्याचा आणखी एक वेढा मनगटाला घेतला आणि त्या नीट मांडी घालून बसल्या.